बुजवलेला ठिपका

हे लिहावं की नाही, यातच दोन आठवडे गेले. मी आरमोरीचा, टेलरचा मुलगा. पोटापाण्यासाठी जंगलाचे नकाशे करतो. कुणी झाडावरच्या बाईच्या वगैरे गोष्टी सांगू लागलं की मी उठून चहा सांगायला जायचो. त्यामुळं हसायचं असेल तर खुशाल हसा.

काम सोपं आहे. सॅटेलाइटच्या फोटोत जळालेलं जंगल दिसतं, ते नकाशावर लाल करायचं. मग त्यातल्या काही ठिकाणी जाऊन ते खरंच जळालंय का बघायचं. लाल भागात बारीक हिरवे ठिपके उरतात. नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून आम्ही तेही लाल करून बुजवतो. त्या सोमवारीही मी एक बुजवला.

बुधवारी सकाळी वनरक्षक देवरावभाऊंबरोबर तिथं गेलो, तर सगळं जंगल शाबूत... राखेचा कणही नाही. मधोमध मोहाखाली जवळच्या गावातली म्हातारी जानोबाई फुलं वेचायला पाचोळा झाडत होती.

"बाकीचे पाचोळा पेटवते, तुम्ही काऊन झाडून राह्यल्या?" मी विचारलं.

"जाळलं का खालची फुलं करपते ना, बापू."

फॉर्मवर 'नकाशा चुकला' असं लिहून निघालो. टेकडीवर गाडीपाशी पोचतो न पोचतो तोच खाली धूर दिसला. वारा सुटला होता. बघता बघता आगीनं माझ्या टॅबवरच्या लाल भागाचाच आकार घेतला — वळणं, टोकं, सगळं तेच. आणि फोटो पाच दिवसांपूर्वीचा होता.

"बाई मधातच आहे," म्हणत देवरावभाऊ खाली धावले.

आणि मी? सांगायची लाज वाटते. मी टॅब उघडला आणि तो बुजवलेला ठिपका परत मोकळा केला. काऊन केलं, मलाच माहीत नाही. मग मीही धावलो. आग पुढं सरकल्यावरच आम्हाला आत शिरता आलं.

जानोबाई मोहाला पाठ लावून बसली होती. भोवती दहा पावलांचं गोल रिंगण जसंच्या तसं, बाहेर सगळं काळं. झाडलेल्या जागेत जळायला काही नव्हतंच, देवरावभाऊ म्हणाले. मलाही पटलं. पण तिच्या लुगड्याचा काठ करपला होता आणि टोपलीतली फुलं भाजली होती.

"आग झाडाच्या बुडापर्यंत आली होती," ती म्हणाली. "मंग कोणं तरी ओढल्यासारखी मांगं गेली."

ऑफिसात 'तारखेचा घोळ' म्हणून विषय संपला. असेलही. मला तरी दुसरं उत्तर सापडलेलं नाही. त्यानंतर मी एकही ठिपका बुजवलेला नाही, तरी झोप लागत नाही. या कामात माझं हे चौथं वर्ष. आधीच्या तीन उन्हाळ्यांत असे किती बुजवले, मोजदाद नाही... आणि तिथं कुणी बसलं होतं का, हे बघायला मी कधी गेलो नाही.