एकाच तारखेची खाडी

काशीच्या घरात सासूच्या काळापासून एक नियम होता. खाडीवरून टॉर्च घरी आला की आधी त्याचे सेल काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि दिवळीत ठेवायचे. खारं पाणी लोखंड खातं, तिथं सेलाची काय कथा. या नियमामुळं तिचा टॉर्च कोळीवाड्यात सगळ्यांत जुना होता, आणि शेजारणींना हे ऐकवल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

तिचा नवरा अंबाजी रेवदंड्याच्या अलीकडं खाडीत होडी घालायचा. जिताडा, बोय, चिंबोरी, जे जाळ्यात येईल ते काशी बाजारात नेऊन विकायची. मग वरच्या अंगाला कारखाना आला आणि खाडीवर अधूनमधून लाल तवंग येऊ लागला. तवंग आला की बोयी पोट वर करून तरंगायच्या. अंबाजी तक्रार घेऊन प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसात गेला. साहेब म्हणाले, "एखाद्या दिवशी चार मासे मरतातच हो. वरचेवर मरतात याचा पुरावा आणा." साहेब स्वतः येईपर्यंत ओहोटीनं सगळं वाहून नेलेलं असायचं. मोबाइलवर फोटो काढायला गेला, तर होडीतल्या पाण्यात पडून मोबाइलच मेला.

म्हणून दोघं अलिबागला कॅमेरा घ्यायला गेली. दुकानदारानं लांब नाकाचे चकचकीत कॅमेरे पुढं मांडले, पण अंबाजीनं त्यांना हातसुद्धा लावला नाही. त्याला पाण्यात बुडला, फळीवर आपटला तरी चालणारा आणि बुळबुळीत हातातून न निसटणारा कॅमेरा हवा होता. काशीची अट वेगळी होती: रंग भडक पाहिजे, म्हणजे चिखलात पडला तरी दिसेल. शेवटी मुठीत मावणारा, वापरलेला, नारिंगी कॅमेरा निघाला. अंबाजीनं बादलीभर पाणी मागितलं. दुकानदार कुरकुरला, पण बादली आली. कॅमेरा बुडवून काढला आणि अंबाजीनं दुकानदाराच्याच आंबट तोंडाचा फोटो घेतला. एसटीत तो फोटो बघून नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पुढं वर्षभर अंबाजीनं नेम मोडला नाही. ओहोटी लागली की कॅमेरा गळ्यात. मेलेली बोय, मेलेला जिताडा, मागं खूण म्हणून जेट्टीचा खांब. सुरू होताना कॅमेरा दर वेळी इंग्रजीत काहीतरी विचारायचा. अंबाजी एक बटण दाबून ते घालवून द्यायचा. घरी आल्यावर काशी कॅमेरा गोड्या पाण्यानं धुवायची, झाकण उघडून सेल काढायची, पुसायची आणि दिवळीत टॉर्चच्या सेलांशेजारी ठेवायची. पोटच्या पोराला जपावं तसं तिनं त्याला जपलं.

वर्ष सरल्यावर दोघं ऑफिसात गेली. साहेबांनी फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि हसले.

"अंबाजी, हे सगळे एकाच दिवसाचे आहेत. एक जानेवारी. आणि सालही असं, की तेव्हा कारखाना उभाच नव्हता."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं उलगडा केला. आतला राखीव सेल जुना होऊन मेला असणार, त्यामुळं मोठा सेल काढला की याचं घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेवर जातं. तारीख विचारतो तेव्हा भरायची असते. "रोज सेल काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

काशीला स्वतःच्या हातांची किळस आली. साहेब म्हणाले, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण कागदाचा नाही." असला विश्वास खाडीत टाकला असता तर तोही मेला असता.

वाटेत अंबाजीनं दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यानं शेजारच्या मुलीकडून तारीख नीट लावून घेतली.

"सेल काडू नको आता," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या ओहोटीला काशीही होडीत बसली. तवंग आलेला होता. अंबाजी जेट्टीच्या खांबापासून पार खाडीच्या तोंडापर्यंत वल्हवत गेला आणि परत आला. पाण्यावर एकही बोय तरंगत नव्हती. जाळं टाकलं, तेही रिकामं आलं. कॅमेरा समोर धरून तो नुसता उभा राहिला.

"काडा की फोटो," काशी म्हणाली.

"कशाचा? मरायला काय उरलंय हितं?" अंबाजी म्हणाला. "ह्यो फोटो नेला तर सायब बोलंल, बघा, आता एक पन मासा मरत न्हाय."

तरी त्यानं बटण दाबलं. तारीख बरोबर आली होती.