शिक्का मारणाऱ्याचा पगार

चपला बाहेर काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच काढल्या.

नागपूरची ती इमारत. सहावा मजला. काचेचं दार, आत गार हवा, आणि फरशी अशी की तिच्यात पाहून भांग पाडावा. माझे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. सोबत आमच्या गावची ताराबाई होती, साठीच्या पुढची. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

'काऊन गा, हे का देऊळ होय?'

आणि स्वतःच्या चपला फटफटवत आत गेली. मागून मी, अनवाणी. बी.कॉम. झालेला, ग्रामसभेचा सचिव.

तीन तास बसवल्यावर रेटिंग एजन्सीचा साहेब भेटला. फार नम्र. नम्र माणूस अपमान करतो तेव्हा कळायला वेळ लागतो. तो म्हणाला, 'रेटिंग म्हणजे फक्त आमचं मत असतं, काका. हमी नसते. शेवटच्या पानावर तसं लिहिलंय. वाचता येतं ना?'

'येते,' मी म्हणालो.

'मग झालं तर. खरं सांगू? जंगलातल्या लोकांनी पानं तोडावीत. बाजार हा तुमचा विषय नाही.'

मी मान हलवली. होकाराची. हे लिहायला जड जातं, पण हलवली. माझी मान तशीच आहे. समोर टेबल दिसलं की हलते.

आम्ही तिथं कशाला गेलो ते सांगतो. माझी अक्कल किती, तेही त्यात येईलच.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलात. उन्हाळा आला की तेंदूपत्ता. सकाळी तोडायचा, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि दुपारी फडावर न्यायचा. फड म्हणजे जिथं पुडे मोजून घेतात ते मैदान. माझ्या लहानपणी तिथं मुन्शी असायचा. मोहाच्या झाडाखाली त्याची खुर्ची. आई पुडे ओळीनं मांडायची. तो मधलाच एक उचलायचा, पान उलटं करायचा आणि म्हणायचा, 'सडेल हाय.' अख्खी ओळ पायानं बाजूला. तिचे पैसे नाहीत. आई हात जोडून उभी. संध्याकाळी तीच ओळ ठेकेदाराच्या पोत्यात जाताना आम्ही पाहायचो. गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं की मुन्शीचा पगार ठेकेदार देतो.

म्हणून जंगलाचा हक्क ग्रामसभेला मिळाला तेव्हा गावानं पहिली गोष्ट ठरवली. मुन्शी आपला. पगारही आपला. ती मुन्शी म्हणजे ही ताराबाई. लिहिणं सहीपुरतं. पण पुडा हातात घेतला की सांगते, सत्तर आहेत की सदुसष्ट. सख्ख्या बहिणीचे पुडे तिनं परत केलेत. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या.

बांबूचे आणि तेंदूचे पैसे साठत गेले. गावाला गोदाम बांधायचं होतं. गोदाम नसलं की पानं लगेच विकावी लागतात, ठेकेदार म्हणेल त्या भावानं. गोदाम असलं की आपण थांबू शकतो. मग घाई त्याला. एवढी साधी गोष्ट. जागा आखून झाली होती, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. थोडे पैसे कमी पडत होते. बाकीचे बँकेत, मुदत ठेवीत.

ठेवीची मुदत संपली आणि नव्या ठेवीला बँकेनं व्याज कमी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, 'रिझर्व्ह बँकेनं रेपो दर उतरवला, आम्ही काय करणार?' मुंबईत कोणीतरी एक आकडा खाली आणला आणि आमचं गोदाम वर्षभर लांब गेलं. मी मात्र खूश. नवा शब्द मिळाला होता. तीन दिवस पानठेल्यावर बसून लोकांना रेपो समजावला. मला निम्माच कळला होता. पण समजावून सांगायला तेवढा पुरतो.

तेवढ्यात चंद्रपूरहून एक सल्लागार आला. त्यानं मला 'सर' म्हटलं. बस. मी तिथंच विकला गेलो, पुढचे सगळे नुसते कागद. मुंबईच्या एका फायनान्स कंपनीचे रोखे त्यानं दाखवले. बँकेपेक्षा व्याज जास्त. 'आणि सुरक्षित, सर. रेटिंग एजन्सीनं तपासलेत. डबल ए.' चकचकीत कागदावर जुळ्या भावांसारखे उभे दोन ए. मला तर भरूनच आलं.

ग्रामसभेत मी पाऊण तास बोललो. शेवटी ताराबाई उठली.

'मले एकच सांग गा. हा शिक्का मारणारा हाय ना, त्याले पगार कोण देते?'

मी हसलो. हे नीट लिहून ठेवतो. मी हसलो.

'अवो बाई, हा का आपला फड होय? मुंबईचं काम हाय ते! मोठेमोठे लोक बसते तिथी.'

मग सभाही हसली. ताराबाई पदर सावरून खाली बसली. ठेवीचे पैसे रोख्यांत घालायचा ठराव मंजूर झाला. मी तो माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिला.

व्याज दोनदा आलं. दोन्ही वेळा मी गावातून छाती काढून फिरलो. तिसऱ्यांदा आलं नाही. सल्लागाराचा फोन बंद. मग मोबाइलवर बातमी आली. कंपनीनं पैसे थकवले, आणि एजन्सीनं डबल ए वरून थेट डी, म्हणजे बुडीत, केलं. एका दुपारीत. मधे कितीतरी पायऱ्या आहेत म्हणे, एकीवरही पाय ठेवला नाही. आमच्याकडं वणवा लागतो, पण त्याचा आधी धूर तरी दिसतो.

जाब विचारायला आम्ही दोघांनी नागपूर गाठलं. तर त्या खोलीत, मान हलवून झाल्यावर, मी उठलो. ताराबाई उठली नाही.

'साहेब, एक इचारू का? या तपासणीचे पैसे तुमाले कोण देते?'

साहेब हसला. अगदी माझ्यासारखा.

'कंपनीच देते, आजी. जी रोखे काढते तीच. सगळीकडे हीच पद्धत आहे. लपवाछपवी काही नाही.'

बाई माझ्याकडं वळली. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

'आयकलं ना?' एवढंच म्हणाली.

ऐकलं. त्या गार खोलीत मला मोहाखालची खुर्ची दिसली. तो मुन्शी चांगल्या पानांना सडकी म्हणायचा, यांनी सडक्याला चांगलं म्हटलं. एवढाच फरक. माझ्या आईनं मुन्शीपुढं हात जोडले, पण त्याच्यावर विश्वास कधी ठेवला नाही. मी शिकलो आणि ठेवला. मला कंपनीनं फसवलं, एजन्सीनं फसवलं, सल्लागारानं फसवलं. ती सगळी परकी माणसं. ताराबाईला मात्र मी फसवलं. तिनं प्रश्न बरोबर विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला.

बाहेर आलो तर चपला जागेवर नव्हत्या. गार्डनं त्या पोछ्याच्या बादलीमागं सारल्या होत्या. एक ओली झालेली. मी ती तशीच पायात घातली. गार्डनं त्याच्या टेबलावरचं रजिस्टर पुढं केलं. 'सही करा, भाऊ.' शेवटच्या रकान्यावर छापलं होतं, 'काम झाले का?' आमच्या नावापुढं त्यानं 'होय' लिहूनच ठेवलं होतं. पानभर सगळ्यांपुढं होय. वरपासून खालपर्यंत.

मी पेन घेतलं. होय खोडलं. 'नाही' लिहिलं. मोठ्या अक्षरात.

'अरे भाऊ, असं नका करू. साहेब मला बोलतील.'

'साहेबाले सांगा, हे बी आमचं फक्त मतच हाय.'

आयुष्यात पहिल्यांदा टेबलासमोर माझी मान हलली नाही.

गावात सभा बोलावली. जुना ठराव वाचला. त्यात बाईचा प्रश्न नव्हता, माझं हसणंही नव्हतं. दोन्ही मी तिथंच, सगळ्यांसमोर, वहीत लिहिलं. मग राजीनामा काढला.

'राजीनामा देऊन पळून राह्यला का गा?' ताराबाई म्हणाली. 'बस इथीच. कागद तूच आणला. आता तूच निस्तर.'

या वेळी कोणी हसलं नाही.

यंदा ठेकेदाराचा ट्रक आला. पानं ठेवायला जागा नव्हती. त्यानं भाव सांगितला, आम्ही मुकाट्यानं दिली. चुन्याच्या रेघा पुसल्या गेल्यात, तिथं शेळ्या बसतात. वकील म्हणतो, वर्षं लागतील, पैसे मिळतीलच असंही नाही. लागू द्या. कंपनीविरुद्ध अर्ज दिलाय, सल्लागाराविरुद्ध दिलाय, एजन्सीविरुद्धही दिलाय. प्रत्येक अर्जात पहिला प्रश्न ताराबाईचा, तिच्याच शब्दांत. खाली तिची सही.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या सहाव्या मजल्यावर जाणार आहे. चपला घालून. तोंडी उत्तर ऐकून झालंय. आता तेच त्यांच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यानिशी पाहिजे. तो कागद हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.