शेवटच्या फुग्याला बांधलेली विजार

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरात डूगल्ड ऑरला कुणी डूगल्ड म्हणत नसे. जवळचे डूगी म्हणत आणि बाकी सगळं गाव फुगेवाला म्हणे. अठ्ठेचाळीस वर्षांचा दणकट बाप्या, हाताचे पंजे फावड्याएवढे, आणि पोट भरायचं ते फुगे सोडून. ‘वेदर वॉर्डन’ या सरकारी हवामान-जहाजाच्या शेपटाकडे पत्र्याची एक उंच शेड होती. तिच्यात हायड्रोजन भरून माणसाहून मोठा फुगा फुगवायचा, त्याखाली फुगा वर जाऊन फुटला की उघडणारी हवाई छत्री, छत्रीखाली यंत्राची डबी आणि चंदेरी जाळीचा सांगाडा बांधायचा आणि वाऱ्याचा नेम धरून सगळं सोडून द्यायचं. असं दिवसातून चार वेळा. मग आतला रडारवाला त्या चंदेरी जाळीचा माग काढी, वरचा वारा कागदावर उतरे, आणि विमानांतून लोक चहा पीत अटलांटिक ओलांडत. त्या लोकांना डूगीचं नाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

हे जहाज मुळात फुग्यांसाठी बांधलेलंच नव्हतं. चव्वेचाळीस साली ते क्लाइड नदीच्या काठावर, डूगीच्या घरापासून मैलभरावर, पाण्यात उतरलं तेव्हा त्याचं नाव ‘ड्यूनूर कॅसल’ होतं आणि ते लढाऊ फ्रिगेट होतं. डूगी त्यावर पहिल्या दिवसापासून. मालवाहू ताफ्यांच्या मागेपुढे पळायचं, पाणबुड्या हुडकायच्या आणि त्यांच्यावर पाणसुरुंग टाकायचे, हे काम. दीड वर्षात दोनशेवर पाणसुरुंग टाकले. मेले ते हेरिंग मासे. एकही पाणबुडी जहाजाच्या नावावर लागली नाही. दोनदा त्यांना खात्री होती, दोनदा वरून उत्तर आलं की पुरावा अपुरा आहे. या दोन उत्तरांचा राग डूगीला वीस वर्षांनंतरही येत असे आणि गुत्त्यात कुणी विषय काढलाच तर तो ग्लास खाली ठेवून बोले.

लढाई संपली तसं जहाज एका खाडीत बांधून ठेवलं. तिथे ते बारा वर्षं गंजत पडलं. डूगी तोवर साखर कारखान्यात पोती ओढत होता. एके सकाळी दोन टगबोटी आपल्या जुन्या जहाजाला गोदीकडे ओढत नेताना त्याला दिसल्या. तोफा काढणार, पाणसुरुंगांच्या जागी फुग्यांची शेड बसवणार, असं कळलं. त्याच आठवड्यात त्याने कारखाना सोडला. बायको इना चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, की लढाईत निदान ते जहाज कुठेतरी जात तरी होतं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्या नोकरीत कुठेही न जाणं हेच काम होतं. भर समुद्रात नेमून दिलेला दहा मैलांचा चौकोन गाठायचा, इंजिन बंद करायचं आणि लाटांवर डुलत बसायचं. वाहत वाहत चौकोनाच्या कडेला गेलं की इंजिन चालू करून पुन्हा मध्यावर यायचं. असे चोवीस दिवस. घरी बारसं असो की मयत, बदली जहाज आल्याशिवाय जागा सोडायची नाही. इशबेलच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीच्या, जन्माच्या वेळी तो लढाईवर होता. तिला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा चौकोनात होता. सासूबाई गेल्या तेव्हाही चौकोनात. त्यामुळे चौसष्ट साली मे महिन्यात इशबेलचं लग्न ठरलं तेव्हा त्याने बदलीचा तक्ता पुढ्यात घेऊन तारीख स्वतः काढली. जहाज गुरुवारी रात्री, फार तर शुक्रवारी घरी. लग्न शनिवारी दुपारी तीनला. आणि सोमवारी नवराबायको कॅनडाला जाणाऱ्या बोटीत. जावई कॉलिनला तिकडच्या पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली होती. तिथून परत यायला किती वर्षं लागतील हे कुणी बोलत नव्हतं. डूगी या फेरीवर निघताना इशबेल त्याला म्हणाली होती की आजवरचं सगळं माफ, पण चर्चमध्ये माझा हात धरून तुम्हीच चालायचं.

बदली जहाज मंगळवारी दुपारी वेळेवर आलं. नशीब एवढं नीट वागतंय हे पाहून डूगीलाच चमत्कारिक वाटलं.

परतीच्या वाटेवरही किनारा जवळ येईपर्यंत रोज दुपारी एक फुगा सोडावा लागे. फेरीतला शेवटचा फुगा सोडताना खलाशांची एक जुनी गंमत होती. चंदेरी सांगाड्याखाली कुणाची तरी फाटकी विजार बांधायची. साहेब लोकांना ते माहीत असून माहीत नसे. या वेळी मान लेकीच्या बापाचा, असं सगळ्यांनी ठरवलं आणि डूगीने खुशीत आपली कामाची विजार दिली. पाय हडकुळे दिसायला नकोत म्हणून त्यात चिंध्याही कोंबल्या. बुधवारी बाराला फुगा सुटला. दोन पाय हवेत झाडत ती विजार ढगात शिरली तेव्हा डेकवर टाळ्या पडल्या.

चार वाजता जहाज वळलं. इंजिनाच्या आवाजात फरक पडला नव्हता, पण ऊन उजव्या गालावरून डाव्या गालावर आलं. डूगी धावत वायरलेसच्या खोलीशी गेला. वायरलेसवाला टॅम त्याच्याकडे बघेचना. मग त्याने सांगितलं. फ्लीटवुड बंदराच्या एका मासेमारी ट्रॉलरने किनाऱ्याला कळवलं होतं, की आकाशातून छत्री उतरताना पाहिली, छत्रीखाली माणूस होता, अंगात काही चंदेरी होतं, पाय स्पष्ट दिसले. सर्वांत जवळचं सरकारी जहाज ‘वेदर वॉर्डन’. जाऊन शोध घ्यावा.

डूगी सरळ कॅप्टनच्या केबिनमध्ये शिरला. कॅप्टन प्रॉक्टर दक्षिणेकडचा इंग्लिश माणूस, नियमाला पक्का, मनाने वाईट नाही. डूगीने विजारीची सगळी हकीकत सांगून टाकली, चिंध्यांसकट.

कॅप्टनने नकाशा पुढे ओढला. वारा पश्चिमेचा होता. फुगा पूर्वेलाच जाणार. ट्रॉलरने सांगितलेली जागा साठ मैल पश्चिमेला होती.

“तुझी विजार वाऱ्याच्या तोंडावर साठ मैल उलटी गेली म्हणतोस?”

“साहेब, ट्रॉलरवाले कधी खरी जागा सांगतात का? मासे कुठे मिळाले हे ते सख्ख्या भावाला सांगत नाहीत.”

“माशांची जागा लपवतील, मॅन. बुडत्या माणसाची कोण लपवेल?”

“सवय असते, साहेब. तोंडातून तीच बाहेर पडते.”

कॅप्टनने पेन्सिल खाली ठेवली. “शनिवारी तुझ्या मुलीचं लग्न आहे हे मला माहीत आहे. कुठलं विमान हरवलंय का हे सगळ्या विमानतळांना विचारलंय, पण परक्या देशांची लष्करी विमानं आहेत, उत्तर यायला दिवस जातील. तू एक कर. माझ्यासमोर उभा राहून सांग, की त्या पाण्यात माणूस नाही. मी आत्ता जहाज फिरवतो.”

डूगीने तोंड उघडलं. त्याची खात्री होती, शंभर टक्के होती. पण अशी खात्री त्याला यापूर्वीही दोनदा झालेली होती. नव्याण्णव वेळा ती विजारच असेल, आणि एखाद्या वेळी कुणाचा तरी पोरगा पाण्यात हात मारत असेल.

“तसं नाही सांगता येत, साहेब,” तो म्हणाला, आणि बाहेर येऊन शेडच्या पत्र्यावर त्याने अशी लाथ हाणली की पुढे आठवडाभर अंगठा निळा होता.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. जहाज आडव्या-उभ्या रेघा मारत रिकाम्या पाण्यावर फिरत राहिलं. डूगी पुढच्या टोकाला दुर्बीण घेऊन उभा असे आणि जेवायलाही खाली जात नसे. खलाशांनी त्याची थट्टा एकदाच करून पाहिली. त्याला राग कुणाकुणाचा आला नव्हता? ट्रॉलरचा, कॅप्टनचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, आणि चिंध्या कोंबणाऱ्या स्वतःच्या हातांचा तर सगळ्यांत जास्त. टॅमने घरी तार पाठवली होती. इनाचं उत्तर दोन शब्दांचं आलं. वाटलंच होतं.

शनिवारी दुपारी पावणेतीनला ट्रॉलरचा कप्तान स्वतः वायरलेसवर आला. आवाज खुशीत होता. टॅमने तो भोंग्यावर लावला, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आला.

“सापडला हो तुमचा माणूस. आत्ता जाळ्यात वर आला. अर्धाच आहे पण, कमरेखालचा. पट्ट्यावर शाईने नाव लिहिलंय, डी. ऑर.”

कॅप्टन प्रॉक्टरने माइक हातात घेऊन विचारलं, की आपण नेमके कुठे आहात. पलीकडे बराच वेळ खरखर झाली. मग ट्रॉलरवाला म्हणाला, की ते असं हवेवर सांगत नसतात. कॅप्टनने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने जी जागा सांगितली ती डूगीने वाऱ्यावरून बांधलेल्या हिशेबाला मैलभरही चुकत नव्हती.

कुणीच हसलं नाही. डूगी डेकवर गेला. ग्रीनॉकला आत्ता तीन वाजत होते आणि इनाचा भाऊ, ज्याच्याशी तो नऊ वर्षं बोलला नव्हता, इशबेलचा हात धरून चर्चच्या दारात उभा असणार होता. कॅप्टन मागून आला. “इंजिनवाल्यांना सांगितलंय, जेवढा वेग निघेल तेवढा काढा,” एवढंच म्हणाला आणि गेला.

वीस वर्षांची इंजिनं, निघून निघून किती निघणार? ताशी साडेआठ मैलांच्या वर काटा सरकला नाही. सोमवारी अकराच्या सुमाराला ते क्लाइडच्या तोंडाशी आले, आणि कम्ब्री बेटाच्या वळणावरून कॅनडाची बोट समोर आली. पांढरी, सात मजली, कठड्याकठड्याला माणसं. डूगी शेडच्या छपरावर चढला. बोट इतक्या जवळून गेली की चेहरे वेगळे दिसत होते, पण ते शेकडो होते आणि त्याला एकच हवा होता. पुढच्या टोकाला हिरव्या कोटातली एक मुलगी होती, केस तसेच तांबूस. त्याने दोन्ही हात हलवले. तिनेही हलवले. कॅप्टनने लांबलचक भोंगा दिला, बोटीने त्याला उत्तर दिलं. बोट बाजूने पूर्ण निघून जाईपर्यंत डूगी त्या हिरव्या ठिपक्याला हात करत राहिला. घरी गेल्यावर त्याने इनाला सांगितलं की भेट झाली म्हणायची, अगदीच काही चुकली नाही. पाच आठवडे तो ते सांगत होता, गुत्त्यातसुद्धा.

पुढच्या फेरीहून परतला तेव्हा इशबेलचं पत्र येऊन पडलं होतं. इनाने ते फोडून वाचलं होतं आणि चहाच्या किटलीला टेकवून ठेवलं होतं. तो उभ्यानेच वाचू लागला. घर चांगलं आहे, थंडी आपल्यासारखी ओली नाही, कॉलिनचा कारखाना जवळ आहे. मग लिहिलं होतं:

“बाबा, मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही छपरावर होतात. आम्ही बोटीच्या मागच्या टोकाला होतो, तिथून तुम्ही बरोबर समोर होतात. मी किती हाका मारल्या, कॉलिननेही शिट्ट्या मारल्या. पण तुम्ही सारखे पुढे बघून कुणाला तरी हात करत होतात. मान वळवलीच नाहीत.”

डूगीने पत्र पुन्हा किटलीला टेकवलं. इनाने त्याच्यासमोर चहा ठेवला.

“तिने पाहिलं ना तुला,” ती म्हणाली. “मग झालं तर.”

“तिने पाहिलं,” डूगी म्हणाला. “मी कुठे पाहिलं?”