कानाएचा आठवा गोल

कानाए अठराव्या वर्षी तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या वाफवलेल्या वड्यांच्या, कारखान्यात लागली, ती काही माशांच्या प्रेमापोटी नव्हे. त्या कारखान्याचा बायकांचा फुटबॉल संघ होता आणि तो लीगच्या वरच्या गटात खेळत होता. शाळेत ती मुलांबरोबर सराव करायची. पण खरा सामना आला की मास्तर तिला बाजूला बसवत, कारण मुलीला खेळवायचं नियमात नव्हतं. इथे निदान मैदानात उतरता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी सातला पांढरी टोपी कानांवर ओढायची, माशाचा लगदा लाकडी फळ्यांवर थापायचा, फळ्या वाफेच्या पेटीत सरकवायच्या. तीनला सुटी, साडेतीनला सराव. अशी दहा वर्षं गेली. अंगाचा वास काही केल्या जात नसे. समोरच्या संघातल्या मुली नाकं मुरडत.

"असू दे वास," गोलरक्षक रित्सुको म्हणायची. "जवळ यायला घाबरतील. तेवढंच माझं काम कमी."

रित्सुको कागोशिमाची, चहाच्या मळ्यातली. कारखान्याच्या वसतिगृहात दोघी चार वर्षं एका खोलीत राहिल्या. रित्सुकोचं तोंड थांबत नसे आणि कानाएचं उघडत नसे, त्यामुळे दोघींचं छान जमलं. पाचव्या वर्षी रित्सुकोला क्युशूतल्या एका संघाने बोलावलं. घराजवळ होतं, ती गेली.

कानाए मधल्या फळीत खेळायची. चेंडू पायाशी यायच्या आत ती दोनदा मान वळवून बघून घ्यायची आणि आला की लगेच देऊन टाकायची. दहा वर्षांत तिचे गोल झाले सात. प्रशिक्षक काजिता म्हणायचे, "गोल मारणाऱ्या मिळतील. न बोलता बाकीच्यांना जागा दाखवणारी ही एकटीच."

एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. तीन आठवड्यांनी नाव गळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती फळ्यांपाशी हजर. शेजारी वीस वर्षं लगदा थापणाऱ्या तोमी-सान होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काय गं, जपानला तुझी गरज नाही म्हणे? बरं झालं, आम्हाला आहे. ती फळी दे इकडे."

अठ्ठ्याण्णवच्या शरदात मालकांनी सगळ्या खेळाडूंना जेवणघरात बोलावलं आणि कमरेत वाकून सांगितलं की मंदी आहे, हंगाम संपला की संघ बंद. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. कुणी आवाज चढवला नाही. कुणीतरी नाक ओढलं, तेवढंच.

शेवटचा सामना नेमका रित्सुकोच्या संघाशी पडला. त्यांना बरोबरी पुरणार होती. हरले तर खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेलेला संघ त्यांची कंपनी ठेवणार नव्हती. हे रित्सुकोनेच फोनवर सांगितलं होतं. सांगून ती गप्प झाली. रित्सुको आणि गप्प! दोघींनी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

सामन्याच्या दिवशी पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होते. कपडे बदलताना कर्णधार नोमा हळूच म्हणाली, "आपला संघ तर उद्यापासून नाही. त्यांचा तरी राहावा, असं कुणाच्या मनात येतंय का?"

कानाए बुटाची नाडी बांधत होती.

"तोमी-सान आल्यात," ती म्हणाली. "दहा वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना मी काय दाखवू?"

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरचा चेंडू परतून तिच्या पायाशी आला. तिने सवयीने मान वळवली. द्यायला कुणी मोकळं नव्हतं. तिने मारला. फटका साधाच होता, पण चेंडू ओला. तो रित्सुकोच्या हातांखालून निसटून जाळीत गेला.

बाकीच्या मुली कानाएच्या अंगावर येऊन पडल्या. तिने त्यांना बाजूला केलं आणि हात खाली सोडून रित्सुकोकडे बघत उभी राहिली. सामना एक-शून्यने संपला. वसंतात रित्सुकोचा संघ बंद झाला आणि ती चहाच्या मळ्यात परतली.

कानाए कारखान्यात पूर्ण पाळीवर गेली. रविवारी जिल्ह्याच्या हौशी संघातून खेळायची. दर नव्या वर्षाला ती कागोशिमाला पत्र टाकायची. उत्तर यायचं नाही. मग आठव्या उन्हाळ्यात एक दिवस रित्सुको स्वतःच दारात उभी राहिली. हातात नव्या चहाचा पुडा होता आणि केस कापलेले.

कानाएने तिकडे उन्हाळ्यात खातात तशा शेवया उकडून बर्फाच्या पाण्यात टाकल्या. दोघी खाली बसल्या.

"तुझ्यावर रागावले होते मी," रित्सुको म्हणाली.

"गोल मारला म्हणून."

"छे! हात माझे घसरले. मारलास ते बरोबरच केलंस. पण तू हात वर केले नाहीस गं. तुझ्या मैत्रिणी नाचतायत आणि तू माझ्याकडे बघत उभी, माझ्या मयताला आल्यासारखी. मी मेले नव्हते तेव्हा. अजून बारा मिनिटं होती माझी."

कानाएच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. आठ वर्षं तिला वाटत होतं, त्या दिवशी निदान तेवढं तरी आपण नीट केलं.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"कीव करून?"

कानाएने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकली. "चुकलं माझं."

रित्सुकोने तिचं वाडगं पुढे सरकवलं. मग म्हणाली, "ऊठ आता. शेवया फुगतायत."

ती दोन दिवस राहिली. जुन्या मैदानावर आता गोदाम होतं. ते बघायला दोघींपैकी कुणी गेलं नाही. घरीच बसून बोलल्या, आणि या वेळी कानाएसुद्धा बरंच बोलली. त्यानंतर कानाए आणखी चार वर्षं खेळली. चाळिशीत गुडघा सुजायला लागला तेव्हा एका रविवारी तिने हौशी संघाच्या प्रशिक्षकांना सांगितलं, आणि थांबली.