पुढचा सेन्सर, मागचा सेन्सर

माझी गाडी मूळची माझ्या भाच्याची. त्याला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा ती नळदुर्गला आमच्या दारात आणून उभी करत तो म्हणाला, "मावशी, आता तूच वापर. आवाज जरा वेगळाय, घाबरू नकोस." इंजिनातला धूर बाहेर नेणारा कंपनीचा पाईप काढून त्यानं बाहेरून आणलेला चकचकीत हेडर बसवला होता. त्यामुळं म्हणे गाडी मोकळा श्वास घेते.

मी लोहाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगावर सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, आणि गाडीचा आवाज शर्यतीतला. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरले तेव्हा मुख्याध्यापक चहाचा कप घेऊन धावत व्हरांड्यात आले. गाडीतून मी उतरतेय असं दिसल्यावर कपासकट परत आत गेले.

दोनेक महिन्यांनी स्टिअरिंगसमोरच्या वेगाच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. मी त्यावर टिकली चिकटवली. पण पेट्रोल भराभर संपायला लागलं आणि साडीला त्याचा वास यायला लागला, तेव्हा मुकाट्यानं हायवेवरच्या मिस्त्रीकडं गेले. त्यानं स्टिअरिंगखाली एक डबी जोडली, मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर गेलेत. धुरात हवा किती उरली ते हे दोघं इंजनाला सांगतेत. एक पुढं, एक मागं. दोन्ही बदला. पण माझ्याकडं आठवडाभर ट्रकच हैत."

घरी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं. आण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर.

"धुरात हवा किती, ते सांगायला दोन माणसं ठिवलीत व्हय?" ते म्हणाले. "म्या जल्मभर नाकानं वळखलं."

"पण बदलायला तर लागतील, आण्णा."

"मग त्याला मिस्त्री कशाला? दोन नटं तर हैत."

सोलापूरहून सेन्सर मागवले. मिस्त्रीनं त्यासाठीचा खास पाना उसना दिला आणि बजावलं, की इंजिन जरा गरम असतानाच खोला, थंड झालं की निघणार नाही. सुट्टीचे दिवस होते. अंगणात बाजेवर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. आण्णांनी गाडी त्या बाजेला खेटून लावली, कारण बाजेच्या अलीकडं तेवढीच सावली.

बॉनेट उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे एका सेन्सरची वायर हेडरला टेकून वितळली होती. आण्णा खूश झाले. आजार सापडला! मागचा सेन्सर निघाला. पुढचा मात्र जागचा हलेना. आण्णांनी त्यावर तेल सोडलं, ठोकलं, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी पान्याला लोखंडी पाईप लावून म्हणाले, "तू वढ. माजी कंबर गेलीया."

मी पदर खोचला, दोन्ही पाय रोवले आणि सगळा जोर लावून ओढलं. सेन्सर कट्कन सुटला. मीही सुटले. मागं जी गेले ती थेट बाजेवर, कुरडयांवर बसले.

स्वयंपाकघरातून आई आली. तिनं आधी कुरडयांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लागलं का गं?"

"नाही."

"मग ऊठ की तिथनं!"

नवे सेन्सर बसले. आता वायरी जोडायच्या. भाच्याच्या त्या हेडरवर दोन्ही सेन्सर जवळजवळ आले होते, वायरी एकमेकींत गुंतल्या होत्या आणि दोन्हींची टोकं हुबेहूब सारखी. मी म्हणाले, "मिस्त्रीला फोन करून विचारू." आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी फोन परत ठेवला. मग त्यांनीच अंदाजानं वायरी जोडल्या.

आम्ही दोघं फेरी मारायला हायवेवर निघालो. फर्लांगभर गाडी नीट चालली. मग ती उचक्या देऊ लागली, मागून काळा धूर निघाला आणि एका ढाब्यासमोर ती बंदच पडली. बाजांवर जेवत बसलेले ट्रकवाले खरकट्या हातांनी उठून आले. एक म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसरा म्हणाला, गाडीच विका. तिसऱ्यानं बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्या दोन वायरी उलट्या तर न्हाईत?"

आण्णा दूर किल्ल्याकडं बघत उभे राहिले. मी वायरींची अदलाबदल केली. गाडी चालू झाली. आम्ही घरी आलो.

एक दिवस सुखात गेला. दुसऱ्या संध्याकाळी टिकलीच्या कडेनं पुन्हा पिवळा उजेड दिसला.

आण्णांचं जेवणावरचं मन उडालं. "इतक्या वर्सांत वाटंत कदी प्याशिंजर उतरवावं लागलं न्हाई," असं म्हणून ते ताटावरून उठले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मिस्त्रीकडं नेऊ म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत.

सकाळी उठून बघते तर ते बॉनेट उघडून, गाडी चालू करून, कान लावून उभे. आई आंघोळ करून तुळशीला उदबत्ती ओवाळायला निघाली होती. वाट अडवून उभ्या गाडीला चुकवत ती बॉनेटजवळून वळली आणि थांबली.

"आवं, हे काय?"

"काय?"

"माजा धूर बघा की. हितं आला की थुई थुई नाचतोय. हितनं वारं येतंय."

आण्णा वाकले. आईनं उदबत्ती हेडर आणि इंजिनाच्या सांध्याजवळ धरली. सरळ वर जाणारी धुराची रेघ तिथं गेली की विस्कटायची, उदबत्ती परत धरली की परत विस्कटायची. आण्णांनी उदबत्ती मागितली. आईनं दिली नाही. "देवाची हाय," म्हणाली, आणि स्वतःच अख्ख्या सांध्यावरून फिरवून जागा दाखवली.

आम्ही गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं हेडर खोलून सांधा घट्ट बसवणारं मधलं गॅस्केट काढलं. एका बाजूनं ते पार जळून गेलं होतं. "हितनं बाहेरची हवा आत शिरत होती," तो म्हणाला. "सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, हवा जास्ती झाली म्हणून. मग इंजन वरनं आनखी पेट्रोल वततंय. कुणी शोधलं हे?"

आण्णांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"आमच्या घरच्यांनी," ते म्हणाले.

नवं गॅस्केट बसलं. मी टिकली खरवडून काढली. खाली दिवा विझलेला होता. बक्षीस म्हणून आईनं येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला न्यायला सांगितलं. ती माझ्याशेजारी पुढं बसली, आण्णा मागं. येरमाळ्यात पोचल्यावर आण्णांनी आधी चहावाल्याला सगळी हकिकत सांगितली, मग नारळवाल्या बाईला, मग चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला. चहावाल्याला सांगताना उदबत्ती आईच्या हातात होती. नारळवालीला सांगताना ती दोघांच्या हातात होती. चपलांपाशी पोचेस्तोवर आण्णांनी ती एकट्यानंच धरली होती.

आईनं सगळं ऐकलं, ओटीचं ताट माझ्या हातात दिलं आणि हसत हसत पायऱ्या चढायला लागली.