ओइवा मात्तुस गाडी बघायला गेला

ओइवा मात्तुसला यंत्रांतलं कळतं, असं साऱ्या इनारी तळ्याकाठी एकच माणूस मानत असे, तो म्हणजे खुद्द ओइवा. आणि हल्ली त्याचाही विश्वास डळमळू लागला होता. त्याच्या शेडमध्ये होडीची बंद पडलेली दोन इंजिनं होती आणि गेल्या हिवाळ्यात प्राण सोडलेली बर्फगाडी होती. तिन्ही त्याने "थोडंसं काम आहे, बाकी उत्तम" म्हणून घरी आणली होती.

गाडी गेल्यापासून तो पायात स्की बांधून तळ्यावर जाई, बर्फाखाली सोडलेली जाळी बघे आणि माशांनी भरलेली घसरगाडी कमरेला दोरी बांधून ओढत आणे. साठीतला तो माणूस हाशहुश करत चालताना आपण रेनडिअर झालोय असं त्याला वाटे, तेही मालकाने कळपातून काढून टाकावं अशा लायकीचं.

अशात दुकानात कानावर आलं की खाडीपलीकडच्या एल्ली साइयेत्सने नवऱ्याची जुनी बर्फगाडी विकायला काढलीय. नवरा इल्मारी जाऊन दोन हिवाळे होत आले होते. गाडी तीस वर्षांपूर्वीची, आणि किंमत इतकी कमी की ऐकून आनंदाच्या आधी संशय यावा.

"घेऊ नकोस असं मी म्हणत नाही," बायको साइमी म्हणाली. "एवढंच सांग, ती आपल्याकडे येऊन मरणार, की मेलेलीच येणार?"

"अगं, मी नुसती बघायला चाललोय."

"मला बघायलाही तू असाच नुसता आला होतास."

एल्लीच्या अंगणात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. पिवळी, रंग उडालेली, सीटला रेनडिअरच्या कातड्याचं ठिगळ. ओइवाने तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, खालचा रबरी पट्टा दाबला, तेलाच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि "हं" म्हणाला. जाणकार माणसं असंच करतात हे त्याने पाहिलं होतं. वासावरून त्यांना नेमकं काय कळतं, ते विचारायचा धीर मात्र त्याला आजवर झाला नव्हता.

"पट्ट्याचे दात झिजलेत," तो म्हणाला.

"माझेही झिजलेत," एल्ली म्हणाली. "चालू करून बघ."

ओइवाने दोरी ओढली. इंजिन गप्प. पुन्हा ओढली. मग टोपी काढली, मग जाकीट काढलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्याच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या.

"कार्बोरेटर गेलाय," तो धापा टाकत म्हणाला. "खर्चाचं काम आहे हां एल्ली. तेव्हा किमतीचं जरा–"

एल्ली पुढे झाली, हँडलवरचं लाल बटण तिने वर ओढलं आणि दोरीला एक झटका दिला. गाडी धूर ओकत धडधडायला लागली.

"झाला बघ दुरुस्त कार्बोरेटर," ती म्हणाली.

इंजिन बंद करायचं बटण दाबलेलंच आहे, हे आपल्याला दिसू नये! ओइवाला वाटलं, ताडपत्री आपल्यावरच ओढून घ्यावी. त्याऐवजी तो गाडीवर बसला आणि "एक चक्कर मारून येतो" म्हणत तळ्यावर उतरला.

गाडी झकास पळाली. ओइवाच्या मनात ती विकत घेऊनही झाली. साइमीला काय सांगायचं तेवढंच उरलं. एल्ली काठावरून बघतेय म्हटल्यावर त्याला जरा ऐट दाखवावीशी वाटली आणि त्याने गाडी बेटाजवळच्या अस्पर्श बर्फात घातली. बेटाजवळ गोठलेल्या थरावर पाणी चढलंय, वरच्या भुसभुशीत बर्फामुळे दिसत नाही, तिकडे कोणी फिरकू नका, असं त्याच आठवड्यात दुकानात उभं राहून कोणीतरी सगळ्यांना बजावलं होतं. बजावणारा ओइवाच होता.

गाडीखाली पचपच आवाज झाला. अशा वेळी वेग कमी करायचा नसतो. ओइवाने केला. गाडी बसली, तो उतरला आणि गुडघ्यापर्यंत बर्फ-पाण्याच्या गार चिखलात गेला. इतक्या जुन्या गाडीला मागे घ्यायची सोय नव्हती. रात्रभर अशीच राहिली तर ती गोठून वसंतापर्यंत तिथंच उभी राहणार, आणि येणारा-जाणारा विचारणार, ही कोणाची करामत?

एल्ली स्कीवरून आली, खांद्यावर फावडं आणि कुऱ्हाड.

"बसूनच बघायची होती, तर अंगणात काय वाईट होती?"

"मी तिची ताकद बघत होतो."

"दिसली का?"

"माझी दिसली," ओइवा म्हणाला, आणि दोघं बेटावरच्या फांद्या तोडायला लागली. गाडी आडवी पाडून त्यांनी पट्ट्याखाली फांद्या कोंबल्या आणि ती पुन्हा सरळ केली.

"तू ढकल," एल्ली म्हणाली. "मी चालवते."

इल्मारी असताना ती कायम मागे बसायची. आता ती पायांवर उभी राहिली, आणि वेगाचा खटका तिने अंगठ्याने दाबला तो सोडलाच नाही. गाडी उसळून बाहेर पडली, सगळा चिखल ओइवाच्या तोंडावर. एल्ली मात्र थांबली नाही. तिने अख्ख्या खाडीला वळसा घातला, मग आणखी एक, आणि परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती मोठ्याने हसत होती. इल्मारी गेल्यापासून ओइवाने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बस मागे. पाय गोठतील तुझे."

दुकानावरून जाताना बाहेरची मंडळी बघतच राहिली. गाडी घ्यायला गेलेला ओइवा एल्लीच्या कमरेला विळखा घालून, चिखलाने माखून परत येत होता. लपायला जागा नव्हती, म्हणून त्याने राजासारखा हात हलवला.

साइमी दारातच उभी. "घेतलीस?"

"घ्यावी की नाही, ते ठरवत होतो," ओइवा म्हणाला.

"मीसुद्धा ठरवत होते, विकावी की नाही," एल्ली म्हणाली. "नाही विकत."

साइमीने इतक्या आनंदाने कॉफी ठेवली की ओइवाला जरा लागलंच. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकताना एल्ली कपाकडे बघत म्हणाली, "इल्मारीची जाळी नुसती टांगून ठेवलीत. एकटीला बर्फाखालून ओढणं जमत नाही."

पुढच्या आठवड्यापासून दोघं मिळून जाळी सोडू लागली. मासे निम्मे-निम्मे. चालवते एल्ली, ओइवा बर्फ फोडायची पहार घेऊन मागे बसतो आणि दुकानात सांगतो की गाडी ठेव असा सल्ला आपणच तिला दिला. एल्ली ऐकून घेते. फक्त बेट आलं की अंगठा जोरात दाबते.