गयाच्या गुडघ्याची साक्ष द्यायला केजला

त्या संध्याकाळी माझी बायको गया बाजेवर आडवी होती आणि मी मोजत होतो. पायाला किलोभर ज्वारीची पिशवी बांधायची, पाय सरळ वर उचलायचा, दम धरायचा, खाली ठेवायचा. असं तीस वेळा.

"किती झालं?"

"अकरा."

"मगाशीबी अकराच होतं. मोजताय का शेळ्या राखताय?"

मी परत एकपासून धरलं. मला शिव्या देत देत तिनं तीस पुरे केले, कार्डावर खूण केली आणि भाकरी टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

कार्डाचं आधी सांगतो. दुष्काळात जनावरं छावणीवर नेली तेव्हा चाऱ्याची पेंढी ओढताना तिचा गुडघा फिरला. तिथं एक डॉक्टरीणबाई यायची, कबड्डीवाल्या पोरींचे गुडघे दुरुस्त करणारी. खेळाडूला देतात तोच व्यायाम कष्टाच्या बाईला लागू पडतो का, हे तिला तपासायचं होतं, म्हणून गयालाही तोच दिला. ते पुण्याच्या कमिटीला पटलं तर तिला फेलोशिप (संशोधन करायला पगार देऊन मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतात ती) मिळणार होती. कार्डावर पाच तोंडं काढलेली. पहिलं हसरं, पाचवं रडकं. जेवढं दुखेल त्या तोंडाखाली रोज खूण करायची. कार्ड भरलं की दूध संस्थेतल्या पेटीत टाकायचं. दुधाच्या गाडीबरोबर ते बीडला जायचं.

गया गेल्यावर मी खुणा चालूच ठेवल्या. कावून, ते विचारू नका. बाई म्हणाली होती, एक दिवस चुकवू नका. मग मीच बाजेवर पडून पाय उचलायचो, तीस मोजायचो आणि हसऱ्या तोंडाखाली खूण करायचो. तिला आता दुखत नव्हतं, म्हणून हसरं. तेराव्यालाही केली. असे एकोणीस दिवस. कार्ड भरलं, पेटीत टाकून आलो.

आठ-दहा दिवसांनी बाईचा फोन आला. "काका, मावशींना सांगा, त्यांचं कार्ड सगळ्यात चांगलं निघालं! शुक्रवारी केजला पुण्याची कमिटी येतेय. पहिलं तेच दाखवणार."

मी म्हणालो, "सांगतो." आणि फोन ठेवला.

मग ध्यानात आलं. उद्या कुणाला कळलं तर ती डॉक्टर पोरगी खोटारडी ठरणार, आणि गयाच्या खऱ्या खुणाही उकिरड्यावर जाणार. उलटा फोन लावला, दोनदा. तिनं उचलला नाही. शुक्रवारी उजाडताच निघालो.

चकलांब्याहून जीपनं गेवराई, तिथून एसटीनं बीड. वाटेत रानं उघडीबोडकी, कापसाच्या पराट्या (वाळकी झाडं) तेवढ्या उभ्या. एका वस्तीवर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. घागर कमी पडली तिथं चपला ठेवून नंबर धरलेले. चपलांनाही ऊन लागत होतं.

बीडला स्टँडबाहेर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देतात तो) खाल्ला. मिरची जास्त होती, पण पोटात काहीतरी गेलं. नंतर "चला चला" ओरडणाऱ्या एका जीपमध्ये बसलो. घाट चढला, सीताफळीची वाळकी झुडपं मागं गेली, मांजरसुंबा आलं, आणि जीप डावीकडं वळायच्या ऐवजी उजवीकडं वळली.

"आरं, केज तिकडं हाय!"

ड्रायव्हर हसला. "मामा, आज संकष्टी. आज सगळ्या गाड्या लिंबागणेशला. तुमी इचारलं कुठं?"

शेजारची बाई म्हणाली, "देवानंच बोलावलं समजा."

"देवाला म्हणावं, मला घाई हाय."

लिंबागणेशला उतरलो. दर्शनाची रांग लांबलचक. मी रस्त्यावरूनच हात जोडले आणि परतीचं वाहन बघू लागलो. देवाकडं येणारी गाडी मिळते, परत जाणारी मिळत नाही. शेवटी पाण्याचा रिकामा टँकर थांबला.

"कुठं मामा?"

"मांजरसुंब्यापर्यंत सोड. साक्ष द्यायचीय."

"कोर्टात? कुणी मारामारी केली?"

"गुडघ्यानं," मी म्हणालो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गिअर टाकला.

मांजरसुंब्याहून एसटी मिळाली. केजला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. एका सहकारी पतसंस्थेच्या सभागृहात बैठक होती. आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडलेलं गयाचं कार्ड, दारापेक्षा मोठं. बाई सांगत होती, "शेवटचे एकोणीस दिवस वेदना अजिबात नाही."

मी मागूनच बोललो, "बाई, ते एकोणीस माझे हायेत. गया मेली."

सगळ्या माना वळल्या. पांढऱ्या केसांच्या एक मॅडम बाईला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही." पोरीचा चेहरा उतरला होता.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला कुणी करायला सांगितलं?"

"कुणी न्हाई. गाढवपणा माझाच."

"मग आधीच्या खुणाही तुमच्या नसतील कशावरून?"

"माझ्या असत्या तर पहिल्या दिवसापासून हसऱ्याखाली असत्या. मी तिला म्हणालो होतो, बाई एवढ्या लांबून येती, एखाद्या दिवशी तिला खूश कर. तर म्हणाली, दुखतंय ते दुखतंय, तुमी गप मोजा. दुसऱ्या तोंडाखाली आली आन् तिथंच थांबली. त्याच्या पुढं ती गेली न्हाई."

कुणीतरी हसलं. बाईनं मला गया गेल्याची तारीख विचारली आणि सगळ्यांसमोर लॅपटॉपवर एकोणीस खुणा पुसल्या. राहिलं ते पाचव्या तोंडापासून दुसऱ्यापर्यंत. "माझं म्हणणं एवढ्यावरही उभं राहतं," ती म्हणाली. 

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात ती माझ्यावर कडाडली.

"काका, माझी दोन वर्षं पाण्यात गेली असती!"

"म्हणून तर आलो."

"फोनवर का नाही बोललात?"

"तोंडातून निघंना."

ती माझ्याशेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, "मावशी कशा गेल्या?"

मी सांगितलं. बाज, पिशवी, अकरा, सगळं. गावात जो आला तो रडून गेला, पण असं सगळं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. ती मधेच हसली आणि मग डोळे पुसत बसली.

दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "फेलोशिप द्यायचं ठरलंय. पण आधी घरोघर जाऊन प्रत्येक कार्ड पडताळायचं. बघा काका, तुमच्यामुळं हिला सगळा जिल्हा हिंडावा लागणार."

"हिंडू द्या. लोक चहा देतील."

छातीवरचा धोंडा उतरला. परतताना सीट मिळाली आणि पहिल्यांदाच गाडीत गाढ झोपलो. गेवराईला कंडक्टरनं हलवून उठवलं. बायको मेल्यावर नवऱ्याला हलकं वाटू नये म्हणतात. मला वाटलं. तिचं खरं होतं तेवढं खरं म्हणून राहिलं, एवढ्यासाठी केजपर्यंत हाडं खिळखिळी झाली तर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाला, "मयताची नोंद? महिना होऊन गेला की. इतके दिवस कुठं होता?"

मी म्हणालो, "घरीच. लिही." आणि गयाचं पूर्ण नाव सांगितलं.